काचेची बाटली, आंब्याचा खोका आणि नऊ वॅटचा बल्ब

वाचक विचारतात

या वेळी पत्रं आणि मेसेज उघडले तर बहुतेकांतून बाटल्याच बाहेर पडल्या. कोकम सरबत, आगळ, करवंदाचं सिरप, खोबरेल, गोटी सोडा. साहजिकच आहे म्हणा, मे संपत आला की घरोघरी कोकमं फोडून साखरेत पडलेली असतात आणि गणपतीला चाकरमानी यायच्या आत व्हॉट्सॲपवर टाकायला चांगले फोटो हवे असतात. तर या अंकात सगळ्या बाटल्या एकत्रच घेऊया. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून फक्त गाव लिहितोय.

प्रश्न : आमच्या बचत गटाचं कोकम सरबत आहे, साखरेतलं. मोबाईलने फोटो काढते तर बाटलीत खिडकी दिसते, ट्यूबलाइट दिसते, माझी साडी दिसते, हातातला मोबाईलपण दिसतो, बाटली सोडून सगळं दिसतं. कडा तर गायबच. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग. लाइट विकत घ्यायला पैसे नाहीत, घरातल्या घरात काय करता येईल? (एक ताई, वेंगुर्ला)

ताई, फ्लॅश आधी बंद करा आणि या कामापुरता तो आहे हेच विसरा. काचेवर सरळ समोरून उजेड टाकला तर त्यातला जेमतेम ४ टक्के एका पृष्ठभागावरून परत येतो, बाकीचा आरपार निघून जातो. म्हणजे बाटलीवर तुम्ही कितीही उजेड ओता, काच काही उजळायची नाही, ज्या बल्बमधून तो आला त्याचा ठिपका तेवढा चमकणार. कडेला मात्र वेगळं होतं, तिथे काच आपल्या नजरेला तिरकी होत जाते आणि तिरक्या काचेवरून भरपूर उजेड परततो. त्यामुळे बाटलीच्या मधल्या भागात मागे काय आहे ते दिसतं आणि कडेला आजूबाजूला काय आहे ते दिसतं. तुमच्याकडे मागे भिंत आणि बाजूलाही तशीच भिंत, मग कड वेगळी दिसणार कशी?

आता सामान सांगतो. आंब्याचा पाच डझनाचा पुठ्ठ्याचा खोका या दिवसांत कोकणात कोणाच्याही माळ्यावर मिळेल, तो उभा ठेवायचा आणि पुढच्या बाजूला मोठी चौकोनी खिडकी कापायची, कडेला दोन-दोन बोटं पुठ्ठा शिल्लक ठेवून. आतून सगळीकडे पांढरा कागद चिकटवा. खिडकीवर स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर ताणून लावा, सुरकुती नको, सुरकुती फोटोत दिसते. आत नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब होल्डरसकट सोडायचा पण त्याचं तोंड आपल्याकडे नको, मागच्या पांढऱ्या कागदाकडे हवं, कारण खोका उथळ असतो आणि बल्ब कागदाच्या तोंडाशी आला की मध्ये लख्ख गोल आणि कडेला अंधार असं होतं. उजेड मागे आपटून पुढे आला की पसरट होतो. आणि हो, आंब्याच्या खोक्याला हवेसाठी भोकं असतात ती विसरू नका, आतून काळी टेप मारा, नाहीतर त्या भोकांतून बाहेर पडलेल्या उजेडाचे ठिपके बाटलीवर ओळीने उमटतात आणि मग तुम्ही कॅमेरा खराब झाला म्हणून बसाल. बल्ब एलईडीच हवा, जुना हॅलोजन वगैरे कागद-पुठ्ठ्याच्या खोक्यात अजिबात घालू नका, पेट घेईल.

बाटली खोक्याला चिकटवून ठेवायची नाही, दीड-दोन फूट पुढे घ्या. मग बाटलीच्या दोन्ही बाजूंना काळ्या चार्ट पेपरच्या उभ्या पट्ट्या, अगदी फ्रेमच्या बाहेर पण जितक्या जवळ येतील तितक्या. हीच खरी युक्ती आहे. या काळ्या पट्ट्या काचेच्या कडेला उमटतात आणि बाटलीला पेन्सिलने काढल्यासारखी काळी रेघ येते. उजळलेला कागद फ्रेममध्ये मावेल इतकाच दिसला पाहिजे, त्याच्या पलीकडे पांढरं जितकं जास्त तितकी कड फिकी पडणार, म्हणून खोका मोठा असेल तर खिडकीचा जास्तीचा भाग काळ्या कागदाने झाका.

खोलीतले बाकीचे दिवे बंद. आणि कौलारू घर असेल तर वर बघा, काचेचं कौल आहे का? दुपारी त्यातून खाली येणारा कवडसा बाटलीच्या खांद्यावर अस्सा पांढरा डाग पाडतो की कितीही एडिट करा, जात नाही. त्यापेक्षा संध्याकाळी दिवेलागणीनंतर काम करा. फक्त पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात नको, त्या दिवसांत पावसाळी किडे येऊन ट्रेसिंग पेपरवर बसतात आणि फोटोत बाटलीमागे मोठे काळे डाग येतात. ते हाकलण्यात रात्र जाते.

तुमच्या साडीचं आणि मोबाईलचं म्हणाल तर एका मोठ्या काळ्या चार्ट पेपरला कॅमेऱ्याच्या भिंगाएवढं भोक पाडा आणि त्याच्या मागून फोटो घ्या. मोबाईल लांब ठेवून दोनपट झूम करा, जवळून काढला की बाटलीचं पोट फुगतं. मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवा, बाटलीच्या कडेवर बोट दाबून फोकस लॉक करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. सगळं सामान धरून खर्च तीनशेच्या आत बसतो.

प्रश्न : वरच्यासारखंच काहीतरी मी आधीच केलंय, मागून लाइट वगैरे, पण कोकम सिरपची बाटली काळी ठिक्कर येते. डोळ्यांना लाल दिसतं ते फोटोत काळं, आणि जिथे थोडं लाल येतं तिथेपण तपकिरी. (देवगड)

यात दोन भानगडी आहेत. पहिली म्हणजे सिरपची जाडी. समजा एक इंच सिरपमधून दहातला एक भाग उजेड पार होतोय, तर दोन इंचांमधून शंभरातले पाच नाही, शंभरातला एकच भाग पार होतो, आणि तीन इंचांची गोल बाटली असेल तर हजारातला एक. म्हणून बल्ब दुप्पट करून काही होत नाही, लोक बल्ब वाढवत बसतात आणि मागचा कागद तेवढा पांढराफटक होतो. चपटी बाटली मिळाली तर जरूर घ्या. नसेल तर बाटलीच्या शेजारी पाणी घालून केलेलं सरबत एका पातळ काचेच्या ग्लासात ठेवा, तो कोकमाचा रंग ग्लासात इतका सुरेख पेटतो की बाटली काळपट असली तरी कोणाचं लक्ष जात नाही. शिवाय गिऱ्हाईक पिणार ते ग्लासातलंच, त्यामुळे यात फसवाफसवीही नाही. सिरपमध्येच पाणी घालून बाटलीचा फोटो काढायचा सल्ला काही जण देतात, मला तो पटत नाही, घरी बाटली आल्यावर माणूस रंग ताडून बघतो.

दुसरी भानगड तपकिरी रंगाची. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल रंगाचा भागच कमी असतो, म्हणून कोकम, रातांबे, मिरची पूड, मालवणी मसाला हे सगळं त्याच्याखाली मेल्यासारखं दिसतं. बल्बच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेलं असतं, साध्या बल्बांचं ८० च्या आसपास असतं, ९० च्या वरचा बल्ब शोधा, थोडा महाग पडेल पण या एका कामासाठी पैसे वसूल. आणि मोबाईलचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवायची सोय, ऑटोवर ठेवलं की समोर एवढं लाल बघून तो आपलंच डोकं चालवतो आणि लाल कमी करतो. प्रो मोड (सगळं हाताने ठरवायची सोय) असेल तर बल्बवर जे केल्विन, म्हणजे उजेड पिवळा की पांढरा ते सांगणारा आकडा, लिहिलंय, बहुतेक ६५०० असतं, तेच मोबाईलमध्ये टाका. दोन प्रकारचे बल्ब एकत्र वापरू नका, एक पिवळा एक पांढरा असं झालं की बाटलीची एक बाजू हळदीची आणि एक निळी येते.

प्रश्न : माका एक सांगा, आजोबांच्या दुकानातल्या जुन्या गोटी सोड्याच्या बाटल्या घरात पडून आहेत, त्यांचे काळ्या बॅकग्राउंडवर फोटो हवेत, म्हणजे बाटलीच्या फक्त कडा चमकतात तसे. मी मागे काळं कापड लावून बाजूने टॉर्च मारला तर नुसतेच ठिपके आले. (मालवण)

वा! या बाटल्या जपून ठेवल्यात त्याबद्दल आधी आभार. ही बाटली म्हणजे हिराम कॉड नावाच्या इंग्रज माणसाचं डोकं, १८७२ चं पेटंट. मानेत दोन खोबण्या, आत काचेची गोटी, तोंडाशी रबराची रिंग, आणि सोड्यातला गॅसच गोटीला वर दाबून बूच मारतो. आपल्याकडे जत्रेत अजून फट्‌कन गोटी आत ढकलून देतात तीच.

तुम्हाला हवाय तो प्रकार वर सांगितलेल्याच्या बरोबर उलटा आहे. खोका तोच, ट्रेसिंग पेपरची खिडकी तीच, पण आता खिडकीच्या मधोमध काळा चार्ट पेपर लावायचा, इतका की फ्रेममध्ये फक्त काळंच दिसेल, आणि त्याच्या चारी बाजूंनी उजेडाची चौकट उघडी राहील. ती चौकट फोटोत येत नाही पण बाटलीच्या तिरक्या कडा तिला पकडतात आणि चमकतात. खिडकी फ्रेमच्या दुपटीएवढी तरी हवी, म्हणून इथे आंब्याचा खोका लहान पडतो, टीव्हीचा किंवा फ्रिजचा खोका मिळाला तर उत्तम. बाजूच्या काळ्या पट्ट्या या वेळी काढून टाका. टॉर्च नकोच, टॉर्चचा उजेड एका बिंदूतून येतो म्हणून काचही तुम्हाला बिंदूच परत देते.

बाटलीवर कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असेल तर चौकटीची एक बाजू झाकून बघा. दोन्हीकडून उजेड आला की अक्षरं सपाट वाटतात, एकीकडूनच आला की अक्षराच्या एका कडेला पांढरी रेघ आणि दुसऱ्या कडेला अंधार येतो, मग नाव लांबूनही वाचता येतं. आणि त्या काचेत बारीक बुडबुडे असतील, थोडी हिरवट झाक असेल, ती घालवू नका हो! वाळूतल्या लोखंडामुळे ती हिरवट झाक येते. आपल्याच सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू काचेसाठी जाते, आणि वाळूत लोखंड किती यावरच काच किती स्वच्छ होणार ते ठरतं. एडिट करताना लोक ती झाक घालवून बाटली पांढरीशुभ्र करतात, मग ती जुनी वाटतच नाही.

एक इशारा, काळ्यावर धुळीचा कण न् कण दिसतो. जुन्या बाटल्यांत आतून पांढरा थर असतो, त्याला मूठभर तांदूळ, जाडं मीठ आणि व्हिनेगर घालून खळखळून हलवा, गोटी आहे म्हणून जरा जपून. विहिरीच्या पाण्याने धुऊन तशीच वाळवली की क्षाराचे डाग परत पडतात, म्हणून शेवटचा हात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचा फिरवा. दुकानात नीट मागून घ्या, बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं! मग सुती हातमोजे किंवा स्वच्छ पंचा, उघड्या बोटांनी धरायचं नाही.

प्रश्न : मोबाईलच्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात, डोळ्यांना दिसत नाहीत. (गुहागर)

बल्ब लुकलुकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा (बल्बच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा, पट्टे जातील. त्यानेही गेले नाहीत तर बल्ब बदला.

प्रश्न : जाहिरातीत थंडगार बाटलीवर थेंब असतात तसे हवेत. फ्रिजमधून काढलेली बाटली ठेवली तर लगेच सगळीच धुरकट होते आणि लेबल भिजून सुटतं. (रत्नागिरी)

आपल्या हवेत ते होणारच. पुण्याच्या उन्हाळ्यात फ्रिजमधल्या बाटलीवर थेंब यायला वाट बघावी लागते, इथे समुद्राकाठी ती दाराबाहेर येईपर्यंत घामाघूम होते, आणि ते थेंब नसतात, नुसतं धुकं असतं. फ्रिजचा नाद सोडा. मेडिकलमध्ये ग्लिसरीन मिळतं, ते आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. साध्या तापमानाच्या, कोरड्या बाटलीवर लांबून हलकं फवारलं की थेंब बसतात आणि तासभर हलत नाहीत. लेबलवर आधी प्लास्टिकचा तुकडा लेबलच्याच मापाने कापून लावा, फवारून झाल्यावर काढा. मोठे दोन-चार थेंब हवे असतील तर टूथपिकने ठेवा, ओघळ हवा असेल तर त्याच टूथपिकने एका थेंबाला खाली वाट करून द्या.

बारकावा असा की खऱ्या थंड बाटलीवर थेंब मुख्यतः आतलं सरबत जिथवर असतं तिथवरच येतात, वरची रिकामी मान जवळपास कोरडी राहते. सगळी बाटली बुचापर्यंत भिजवलेली दिसली की बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही पण काहीतरी खोटं वाटतं. म्हणून मान कागदात गुंडाळून मग फवारा.

तुम्ही एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर आणत असाल तर तोही धुरकटतो, अर्धा तास पिशवीत बंद ठेवूनच बाहेर काढा. पुसत बसू नका.

प्रश्न : मागून लाइट दिला की काच छान येते पण लेबल काळं पडतं, नाव वाचता येत नाही. समोरून दिला की लेबल छान आणि काच बिघडते. पोलरायझर फिल्टर घेतला तर सुटेल का? (कुडाळ)

पोलरायझरवर, म्हणजे भिंगापुढे लावायच्या त्या चकाकी कमी करणाऱ्या काचेवर, पैसे घालू नका, निदान बाटलीसाठी तरी. तो काचेवरची झळाळी घालवतो ती एका ठराविक कोनाजवळ, काचेवरच्या लंबापासून मोजला तर साधारण ५६ अंशांवर. खिडकीची सपाट काच असेल तर ठीक, गोल बाटलीवर तो कोन एखाद्या उभ्या पट्टीतच जुळतो, बाकी बाटली आहे तशीच राहते.

लेबलसाठी बाजूने उजेड द्या. घरात चार फुटी, वीस वॅटची एलईडी पट्टी असेलच, ती उभी करून बाटलीच्या डाव्या बाजूला, जरा पुढे ठेवा आणि पट्टी व बाटलीच्या मध्ये ट्रेसिंग पेपर टांगा. पट्टी कागदापासून जरा लांब घेतली की बाटलीवर एकच लांब, उभी, मऊ कडांची पांढरी रेघ येते, मोठ्या कंपन्यांच्या फोटोत असते तीच. पट्टी कागदाला चिकटली की रेघेची कड चाकूने कापल्यासारखी येते, मला ती आवडत नाही पण काचेची धार दाखवायची असेल तर तीही चालते. उजवीकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा म्हणजे लेबलची दुसरी बाजू अंधारात जाणार नाही, पण तुकडा अरुंद ठेवा, रुंद झाला की मघाची काळी रेघ खाऊन टाकतो.

एवढं करूनही जमलं नाही तर बाटली आणि मोबाईल जागचे न हलवता दोन फोटो घ्या, एक काचेसाठी, एक लेबलसाठी, आणि एडिटिंग ॲपमध्ये लेबलचा चौकोन दुसऱ्या फोटोतून आणून बसवा. यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच करतात.

प्रश्न : पावसात आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, गेली की दिवस-दिवस नाही. तेव्हा काय? (राजापूर)

मग तर उलट मजा आहे. पावसाळी आभाळ म्हणजे मोफत मिळालेला सगळ्यात मोठा मऊ दिवा. खिडकीच्या गजांना बाहेरून नको, आतून ट्रेसिंग पेपर लावा, बाटली खिडकीपासून दोन फुटांवर स्टुलावर, आणि तुम्ही खोलीच्या आत. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात त्या थोड्या-थोड्या मिटत जा, बाटलीच्या कडा हळूहळू काळ्या होताना डोळ्यांनी दिसतील, हवी तिथे थांबा. चार्ट पेपरची गरजच नाही. ढग सरकला की उजेड बदलतो म्हणून एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) लॉक करू नका, प्रत्येक वेळी नवीन घ्या. लाइट येते-जाते तेव्हा ओल्या जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवून खोक्याशी खेळू नका, हे मात्र गंमतीत घेऊ नका.

प्रश्न : खोबरेल तेलाची बाटली गढूळ येते. घाण्याचं शुद्ध तेल आहे. (सावंतवाडी)

डिसेंबर-जानेवारीत पहाटे काढला असणार फोटो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं आणि आधी ढगाळतं, तुमच्या तेलात काही वाईट नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, तेल पूर्ण पारदर्शक झालं की पुसून पटकन काढा. फिकट तेलाला काळ्या पट्ट्यांची पद्धतच बरी. आणि मागे लांबवर नारळाचं झाड, दोरी, कॅलेंडर असं काही दिसत असेल तर ते बाटलीत डावं-उजवं उलटं होऊन दिसेल, कारण भरलेली गोल बाटली भिंगाचं काम करते. मागे कॅलेंडर नको.

प्रश्न : ऑनलाइन तो पांढऱ्या कापडाचा तंबूसारखा लाइट बॉक्स मिळतो, दिव्यांसकट. घेऊ का? (दापोली)

दागिने, खेळणी, मसाल्याची पाकिटं यांच्यासाठी घ्या. बाटलीसाठी नको. चहूबाजूंनी पांढरं, म्हणजे कडेलाही पांढरंच उमटतं आणि वेंगुर्ल्याच्या ताईंची अडचण पैसे देऊन विकत घेतल्यासारखं होतं. आधीच मागवून बसला असाल तर आत बाटलीच्या दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करा, वरचा दिवा बंद ठेवा आणि फक्त मागच्या कापडावर बाहेरून बल्ब टाका. परत पाठवता येत असेल तर पाठवून द्या.